हार्टुंगांचं काळीज

"यांच्या अंगाला चाकू लागायच्या आधी, हे खरंच गेलेत एवढं मला कुणीतरी पटवून द्या," ज्युलियाने हार्टुंग म्हणाली आणि नवऱ्याच्या उशाशी खुर्ची ओढून बसली.

पटवणार कोण? तिचा मुलगा कॉन्राड समोर उभा होता, तो डॉक्टर. भाऊ टोबियास उभा होता. तो पाद्री, गावातल्या निम्म्या थडग्यांवर त्यानेच प्रार्थना म्हटलेल्या. पण प्रेतगृहाच्या त्या खोलीत पाऊल टाकलं की भल्याभल्यांचा आवाज बसे. बाहेर नोव्हेंबरचं धुकं नदीवरून चढून कबरस्तानाच्या भिंतीपर्यंत आलं होतं आणि आत मात्र मोठ्या शेगडीने घाम फुटत होता. कुणी नुसताच गारठून निपचित पडलेला असेल तर उबेने जागा व्हावा, म्हणून ही खोली उन्हाळ्यातही तापती ठेवत.

प्राध्यापक लोरेन्झ हार्टुंग हिरव्या कुंड्यांच्या मधोमध, किंचित उतरत्या फळीवर निजले होते. दहाही बोटांत पितळी कड्या, कड्यांना रेशमी दोरे. ते दोरे छताच्या खुंटीवरून भिंतीपलीकडे, पहारेकऱ्याच्या खोलीतल्या घंटेपर्यंत गेलेले. बोट नुसतं थरथरलं तरी घंटा वाजायची. आयुष्यभर मढी उघडणारा माणूस आता एखाद्या वाद्यासारखा तारा लावून ठेवला होता.

"आई, मी स्वतः नाडी पाहिली," कॉन्राड म्हणाला.

"तुझा हात कापत होता. कापऱ्या हाताला काय कळतं?"

"तोंडाशी आरसा धरला."

"आरशावर भरवसा ठेवू नये, असं हेच म्हणायचे. जेवताना सांगायचे हो, मी सूप वाढत असताना! अंगावर उकळतं मेण ओतून बघितलं तरी खात्री नाही म्हणे. खात्री फक्त वास सुटला की." तिने नाकाला रुमाल लावला, मग काढला. "अजून सुटलेला नाही."

कॉन्राडने मामाकडे पाहिलं. "मामा, बाबांचे शेवटचे शब्द तुम्हीही ऐकलेत. तुम्हीच सांगा हिला."

टोबियासने ऐकले होते. लोरेन्झचं अंग गार घामाने थबथबलेलं, उजवा खांदा दुखतोय म्हणून घट्ट धरलेला, आणि तशातही शिकवत असल्यासारखा स्वच्छ आवाज: 'हे हृदयच आहे. बाबांचं होतं तसंच. कॉन्राड, मला तू उघडायचं, दुसऱ्या कुणी नाही. तिसरं हृदय बघ आणि सगळ्यांना सांग.' त्यावर प्रार्थना म्हणायचंही पाद्रीबुवांना सुचलं नव्हतं.

"ऐकले," टोबियास म्हणाला. "पण जिवंत आहे ती ज्युले, आणि तिची इच्छा वेगळी आहे. देह जसा मिळाला तसा परत करावा. मी बहिणीच्या बाजूने."

"आणि ताई?"

मीना शेगडीपाशी उभी होती. घरातल्या सगळ्या भांडणांत ती भावाच्या मागे उभी राहात आलेली. पण या वेळी ती कॉन्राडकडे न बघता म्हणाली, "आई म्हणते तसंच होऊ दे. मला त्यांच्या छातीत डोकवायचं नाही. पुष्कळ झालं."

दाराशी कॉन्राडची बायको लिझेटे होती. तिने सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता, हे एकट्या कॉन्राडला कळलं.

*

हार्टुंगांचं हृदय फाटतं, हे त्या विद्यापीठात शिकवलं जाई. लोरेन्झने तरुणपणी आधी स्वतःच्या वडिलांना उघडलं, पुढे थोरल्या भावाला. दोघांचंही हृदय फुगलेलं आणि एका बाजूची भिंत कागदासारखी पातळ. दोष रक्तातून उतरतो, बापाकडून मुलांना, हे त्याने त्यावरून मांडलं आणि नाव कमावलं. दूरदूरची पोरं त्याच्या व्याख्यानांना येत. दोन्ही हृदयं घराच्या वरच्या मजल्यावर, त्याच्या संग्रहात, मद्यार्काच्या बरण्यांत ठेवलेली. दोन डोक्यांची वासरं, गाठी आलेली यकृतं, हात न फुटलेली अर्भकं, आणि त्यांच्यामध्ये आजोबा आणि काका.

मीना त्या बरण्यांखालीच लहानाची मोठी झाली. रस्त्यावरून जड गाडी गेली की तावदानं हादरत, बरण्यांतला मद्यार्क डुचमळे आणि आजोबांचं हृदय किंचित हले. लहानपणी तिला वाटायचं, ते अजून चालू आहे. बाबांचं लक्ष नसलं की मध्येच ठोका चुकवत असेल.

बाबा रोज सकाळी न्याहारीच्या आधी दोन्ही मुलांच्या छातीला कान लावत. थंडगार कान. पॅरिसहून छाती ऐकायची लाकडी नळी आली तरी मुलांसाठी त्यांनी ती वापरली नाही. ऐकून झालं की काही बोलत नसत, फक्त मान हलवत, आणि मुलं दिवसभर त्या मानेचा अर्थ लावत बसत.

फाइट आमेलुंगने मागणी घातली तेव्हा मीना चोवीस वर्षांची होती. फाइटचं गोथा शहरात औषधांचं दुकान होतं, हसताना तो खांदे उडवायचा. साखरपुडा झाला. मग एका संध्याकाळी बाबांनी तिच्या छातीला नेहमीपेक्षा जास्त वेळ कान लावला आणि म्हणाले, "नको. तुझी पोरं पंचविशीच्या आत मरतील, आणि ते तू बघशील." निरोप घेऊन टोबियासमामा गेला. फाइट अजून गोथ्यालाच होता. बायको, चार मुलं.

प्रेतगृहातून परत आल्यावर मीना स्वयंपाकघरात गेली. शोकाला येणाऱ्यांसाठी खसखशीचा केक भट्टीतून निघत होता. लिझेटे पत्रा बाहेर काढता काढता थांबली, तो तसाच टेबलावर ठेवून मागच्या दाराकडे धावली. ओकून आत आली तेव्हा मीना तिच्याकडे टक लावून बघत होती.

"कितवा महिना?"

लिझेटेने आधी नाही म्हणायला तोंड उघडलं. मग खुर्चीत बसून ती रडायलाच लागली. "ताई, बाबांनी यांना शपथ घातली होती. मूल होऊ द्यायचं नाही म्हणून. मीच... मीच ऐकलं नाही. हे रात्री जागून माझ्या पोटाला हात लावून बसतात. बोलत नाहीत. यांची स्वतःची छाती धडधडते, तेव्हा उठून अंधारात नाडी मोजतात."

"म्हणून तुला उघडणं नको."

"तिसरं हृदयही तसंच निघालं, तर मी काय करू? पोटातलं काढून ठेवू? आता निदान मला म्हणता येतंय की कदाचित नसेल तसं. तेवढं 'कदाचित' मला पुरतं, ताई. ते तरी राहू द्या."

वर कुठेतरी लाकूड करकरलं आणि दोघींनीही छताकडे पाहिलं. वर कुणी नव्हतं.

"मीही असंच 'कदाचित' घेऊन बसले होते," मीना म्हणाली. "कदाचित बाबांचं खरं असेल. मग मी फाइटला सोडलं ते चांगलंच केलं. कदाचित खोटं असेल. मग... मग मी त्या वाटेने विचारच करत नाही. लिझेटे, मी सकाळी चुकीच्या बाजूने बोलले. मला बघायचंय. ज्यापायी मी या घरात म्हातारी होतेय, ते आहे की नाही, मला बघायचंय."

"आणि असलं तर?"

"तर तुझ्या पोराला मी सांभाळीन, जितकी वर्षं मिळतील तितकी. पण तू अंधारात नको बसूस. मी बसलेय. फार वाईट जागा आहे ती."

लिझेटे डोळे पुसत होती, एवढ्यात अंगणातून हाका आल्या. पहारेकऱ्याची बायको लाकडी जोडे खडखडवत धावत आली होती. तिला धाप लागली होती, ओठ पांढरे पडले होते.

"बाई, चला! घंटा वाजली!"

*

ज्युलियानेने घंटा ऐकली तेव्हा ती नवऱ्याशी बोलत होती. काही विशेष नाही, नेहमीचंच. छपराची कौलं बदलायला हवीत. टोबियास जाड झालाय. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. धुक्याचा उजेड काचेवर राखेसारखा बसला होता. तेवढ्यात डावीकडचा एक दोरा ताणला गेला. तिने तो ताणला जाताना पाहिला. मग भिंतीपलीकडे घंटा वाजली. एकदा, आणि थांबून पुन्हा.

लोरेन्झचा हात छातीवरून घसरला होता. त्याचा चेहराही सकाळचा राहिला नव्हता. ओठ फाकले होते आणि गाल भरल्यासारखे दिसत होते, जणू बोलण्याआधी श्वास घेतला असावा.

तिला आनंद व्हायला हवा होता. दोन दिवस ती याचीच वाट बघत बसली होती. पण खुर्ची मागे उलटली, तिची पाठ भिंतीला टेकली आणि तिच्या तोंडून निघालं ते भलतंच. "विचारू नका," ती पुटपुटली. "लोरेन्झ, मला काही विचारू नका."

कॉन्राड आला तो तसाच, टोपी न घालता. त्याने वडिलांच्या मानेला हात लावला, पापण्या उघडल्या, सदरा वर करून पोट पाहिलं. पोटावर हिरवट छटा पसरली होती. तोवर टोबियास, मीना, लिझेटेही दारात येऊन थांबले होते.

"आई, इकडे ये."

"नको."

"ये ना. बघ. अंग फुगायला लागलंय. आतल्या वायूने पोट वर आलं, म्हणून हात घसरला. इथे घंटा वाजते ती बहुतेक अशीच वाजते." त्याने हळूच म्हटलं, "आणि वास येतोय, आई. आता येतोय."

ज्युलियानेने श्वास घेतला आणि तिचे खांदे खाली आले. रडली नाही. तिने शाल सावरली. "बरं," ती म्हणाली. "गेले. आता चर्चमध्ये न्या. उद्या पुरायचं. टोबियास, तू तयारीला लाग."

"थांबा," मीना म्हणाली. "आधी कॉन्राड त्यांना उघडेल."

"सकाळी काय म्हणाली होतीस तू?"

"सकाळी चुकले."

"मीने, बापाची विटंबना करायची हौस आलीय का तुला?"

"त्यांनी रोज माझ्या छातीत कान घालून काय ते शोधलं. मी एकदा त्यांच्या छातीत बघितलं तर ती विटंबना?"

ज्युलियानेने भावाकडे वळून पाहिलं. हा आपला, अशा खात्रीने. पण टोबियास हातातली टोपी फिरवत राहिला, आणि बोलला तेव्हा त्याचा आवाज प्रवचनातला नव्हता.

"ज्युले, फाइट आमेलुंगला निरोप मी दिला होता. त्याने मला विचारलं, 'तुम्हाला हे पटतं का?' मी म्हटलं, 'डॉक्टरांना ठाऊक.' तो दुकानाच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ उठेचना. मला ते दृश्य जात नाही. उघडू दे त्यांना."

"तू पाद्री आहेस की खाटीक?"

"मला माहीत नाही," टोबियास म्हणाला. "पण उघडू दे."

 लिझेटे दारातून आत आली आणि मीनाशेजारी उभी राहिली. कॉन्राडला तेवढं पुरलं. म्हातारी एकटी पडली होती. पण ती ज्या नजरेने लेकीकडे बघत होती, त्यात राग नव्हता. भीती होती. कशाची, ते त्याला कळलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी विच्छेदनगृहाच्या उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीखाली कॉन्राडने बाह्या सारल्या. शिपायाला त्याने घरी पाठवलं होतं. या टेबलावर त्याने वडिलांना शेकडो वेळा बघितलं होतं, पण नेहमी उभं. आता चाकू हातात धरून तो वाट बघत राहिला. कशाची, ते त्याच्या उशिरा लक्षात आलं. 'कर सुरू' असं ते म्हणतील, याची.

पहिला छेद सरळ गेला. हात शिकलेले असतात. बरगड्या बाजूला झाल्या. हृदयाचं आवरण त्याने चिमट्याने उचललं. त्याला कानाशी श्वास जाणवला. मागे वळून बघितलं. ओळीने रिकामे बाक, फळा, खिडकीत धुकं. त्याची स्वतःची छाती इतक्या जोराने वाजत होती की कुणी जवळ असतं तर ऐकू आलं असतं. कुणीतरी ऐकतंय, ही भावना काही गेली नाही.

त्याने आवरण चिरलं.

हृदय लहान होतं, घट्ट होतं. भिंत सगळीकडे सारखी जाड, झडपा स्वच्छ. त्याने ते हातात फिरवलं, चिरलं, पुन्हा फिरवलं. बोटाने सगळ्या कडा चाचपल्या. पातळ जागा नव्हती. साठीच्या माणसाचं इतकं निरोगी हृदय त्याने क्वचितच पाहिलं होतं.

मग त्याने पोट उघडलं आणि वास इतका आला की त्याला खिडकीशी जावं लागलं. जठराला भोक पडलं होतं. जुना व्रण, कडा कठीण झालेल्या. तिथून सगळं पोटात सांडलं होतं आणि त्यानेच जीव गेला होता. खांद्याचं दुखणं तिथूनच आलेलं. वर्षानुवर्षं जेवणानंतर बाबा छातीखाली मूठ दाबून बसत आणि म्हणत, 'हार्टुंगांचं हृदय.' घरात कुणी हूं की चूं करायचं नाही. ते त्यांचं पोट होतं.

आणि आजोबा, काका? त्यांची दुखणी खरी होती, बरण्यांत दिसत होती. पण एका घरात दोन माणसं आजारी पडली, म्हणून घर आजारी ठरत नाही. एवढी साधी गोष्ट. ती विचारायचं धाडस त्याने, डॉक्टर असून, कधी केलं नव्हतं.

बाहेर ओसरीत मीना बसली होती. तिला काय सांगायचं? आजार सापडला असं सांगितलं, तर तिची बारा वर्षं वाया गेलेली ठरणार नव्हती. लिझेटेला मात्र खरं सांगता आलं असतं. दोघींना दोन गोष्टी. जमण्यासारखं होतं. वडिलांचं नावही राहिलं असतं.

त्याने हृदय जागच्या जागी ठेवलं, छाती शिवली, हात धुतले आणि दार उघडलं.

"काही नाही, ताई," तो म्हणाला. "हृदयाला काही झालेलं नव्हतं. पोटाने गेले."

मीनाने मान डोलवली. तिने विचारलं, "मग मला नव्हतंच?"

"आपल्याला कुणालाच असल्याचा काही पुरावा नाही."

ती उठली, भिंतीला धरून दोन पावलं चालली आणि कपाळ भिंतीला टेकून उभी राहिली. कॉन्राड जवळ गेला. ती रडत होती की हसत होती, हे त्याला सांगता आलं नसतं. ज्या तऱ्हेचा आवाज निघत होता तसा त्याने पूर्वी कधी ऐकला नव्हता.

*

लिझेटेने बातमी ऐकली आणि नवऱ्याचा हात सगळ्यांसमोर पोटावर ठेवला. टोबियास देवाचे आभार मानायला लागला आणि मीनाकडे बघून मध्येच थांबला.

ज्युलियाने खिडकीशी काळी टोपी शिवत बसली होती. तिने सुई थांबवली नाही. "निरोगी होतं ना?" ती म्हणाली. "मला वाटलंच होतं."

लिझेटेने नवऱ्याचा हात सोडला.

"काय वाटलं होतं?" मीनाने विचारलं.

"एवढी वर्षं मी त्या छातीवर डोकं ठेवून निजले. एका लयीत चालायचं. जिने चढून आले तरी तसंच. त्यांच्या बाबांचं मी ऐकलं होतं शेवटी शेवटी, लंगड्या घोड्यासारखं होतं ते. यांचं कधीच नाही."

"आई, तू बाबांना सांगितलंस हे?"

"त्यांना कोण सांगणार?"

"मला?"

आता सुई थांबली. ज्युलियाने लेकीकडे बघत राहिली आणि काल घंटा वाजल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं तेच आता पुन्हा आलं.

"कॉन्राड शिकायला निघाला होता," ती म्हणाली. "हे दिवसभर मढ्यांत, संध्याकाळी वर त्या बरण्यांत. तू गोथ्याला गेली असतीस तर मी कुणाशी बोलले असते, मीने? मला खात्री थोडीच होती. नुसतं वाटत होतं. यांनी नको म्हटलं, तेव्हा मी... मी मोडता घातला नाही, एवढंच. आणि तू राहिलीस. बरं गेलं की आपलं. दोघींचं बरं गेलं."

कॉन्राड उभा राहिला, टोबियासने डोळे मिटले. मीनाने आईच्या मांडीवरची अर्धवट टोपी उचलली, तिची फीत सरळ केली आणि परत ठेवली. वर गेली, आणि वरून कपाटं उघडल्याचे, खण ओढल्याचे आवाज येत राहिले.

दुपारी पुरलं. अख्खं विद्यापीठ आलं होतं. वाट गोठली होती, म्हातारीचा पाय सरकत होता. तिने सगळ्या गावासमोर लेकीपुढे हात केला. मीनाने तो धरला, निसरड्या रस्त्यावर अनोळखी बाईला आधार द्यावा तसा, आणि कबरस्तानाच्या फाटकापाशी आल्यावर सोडला. फाटकाबाहेर कॉन्राडची गाडी उभी होती, त्याच्या बिऱ्हाडी निघालेली. लिझेटे आत बसलेली होती, आणि मागे मीनाची पेटी बांधलेली.

ज्युलियानेने पेटी पाहिली. गाडीकडे बोट न दाखवता, रोजच्या आवाजात तिने विचारलं, "संध्याकाळी काय करायचं गं जेवायला?"

"तुझ्यापुरतं कर," मीना म्हणाली आणि गाडीत चढली.